संगणकाचे दार सर्वांसाठी उघडे हवे
(भाषणाचा मजकूर)



आज ज्या प्रश्नाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो, तो आपणांस नवा वाटेल. परंतु त्याचा गाभा जुनाच आहे. जी सोय सर्वांची म्हणून सांगितली जाते, ती खरोखर सर्वांना वापरता येते काय, हाच तो प्रश्न होय.

पूर्वी सातबारा तलाठ्याच्या दप्तरात असे. आज सातबारा, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, इतकेच नव्हे तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही संगणकावर मागावे लागते. आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळास हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आवश्यक झाली. ज्या शेतकऱ्यास मोबाईलचा पडदाच दिसत नाही, त्याने काय करावे?

हा प्रश्न परक्याचा आहे असे कोणी समजू नये. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण प्राणास मुकले आणि काहींच्या दृष्टीस इजा पोहोचली. कष्टकऱ्याच्या घरी अपंगत्व असे एका दिवसात येऊ शकते.

अंध मनुष्य संगणक वापरू शकत नाही, हा समज खोटा आहे. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारे स्क्रीन रीडर आज उपलब्ध आहेत. एनव्हीडीए हा त्यांपैकी एक विनामूल्य मिळतो व मराठीही वाचतो. परंतु तो अक्षरे वाचतो, चित्र नव्हे. कागदाचे छायाचित्र काढून चढविलेले परिपत्रक त्याच्यापुढे कोरेच राहते. नाव न दिलेले बटण तो केवळ ‘बटण’ एवढेच म्हणतो. चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखावयास लावणारा कॅप्चा अंधास दारातूनच परत पाठवितो. तद्वतच, खाली मजकूर नसलेली चित्रफीत बहिऱ्यास निरुपयोगी ठरते. हा दोष डोळ्यांचा वा कानांचा नव्हे, रचनेचा आहे. आणि रचना बदलता येते.

कायदाही हेच सांगतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने माहिती व सेवा सुगम करण्याचे बंधन घातले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम केवळ शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असा निर्णय दिला. आम्लहल्ल्यात चेहरा विद्रूप झालेल्या व्यक्ती व एक अंध नागरिकही न्यायालयात गेले. कारण ओळख पटविताना कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकाविण्यास सांगितले जाई. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला आणि २० निर्देश दिले.

हक्क कागदावर आला म्हणून हाती येत नाही. म्हणून माझे सांगणे असे की, अर्ज अडला तर मुकाट्याने परतू नका. तारीख, संकेतस्थळाचे नाव आणि अर्ज नेमका कोठे अडला ते लिहून त्या कार्यालयास द्या व पोच घ्या. दाद न मिळाल्यास पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. संगणक शिकलेल्या तरुण-तरुणींनी ही तक्रार लिहून द्यावी. आणि स्वतः संकेतस्थळे तयार करताना ती आधी डोळे मिटून, स्क्रीन रीडरवर ऐकून पाहावीत.