वेगळं ताट

आज बचतीबद्दल बोलणार नाही. सुरुवात मात्र कर्जापासूनच आहे.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मालकांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. सकाळी एसटीने जायचं, चार तास मशीनवर, दिवेलागणीला परत. गाडीभाड्यासाठी त्यांनी गटातून कर्ज घेतलेलं, हप्ता एकदाही चुकला नाही. मग अचानक त्या बैठकीला येईनाशा झाल्या. आम्ही घरी गेलो, तर ओसरीवर मालकांचं ताट-तांब्या वेगळं मांडलेलं. तपासणीत ‘हिपॅटायटिस सी’ निघाला होता. जावेने पोरांना जवळ जायची बंदी केलेली. ताईंनी चहा ठेवला आणि विचारलं, “घ्याल ना?”

घेतला. पण खरं सांगतो, आमच्यातल्या दोघींनी कप नुसता हातात धरून ठेवला. ताईंनी ते पाहिलं.

त्यानंतर आम्ही सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सगळं विचारून घेतलं. कावीळ म्हटलं की आपल्याला घाण पाणी आठवतं. ती कावीळ वेगळी. हा ‘सी’ रक्तातून रक्तात जातो. एका ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने, लेकराचा पापा घेतल्याने होत नाही. दाढीचं पातं, नेलकटर, दातांचा ब्रश मात्र ज्याचा त्याचा.

मग डायलिसिसमध्ये कुठून येतो? तिथे दर वेळी सुया टोचून रक्त बाहेर काढतात, गाळतात, परत आत सोडतात. शेजारी दुसरी खुर्ची, तिथेही तेच. एकाचं डोळ्यांना न दिसणारं रक्त हातमोज्यावर, खुर्चीच्या दांडीवर राहिलं आणि तेच हात दुसऱ्याला लागले, की झालं. एकाच बाटलीतून अनेकांना इंजेक्शन भरलं तरीही. म्हणून सोबत जाणारीने डोळे उघडे ठेवायचे. दर रुग्णाला मोजे बदलतात का, हात धुतात का, खुर्ची-मशीन पुसतात का? रक्त गाळायची गाळणी पुन्हा वापरत असतील, तर ती आपल्याच माणसाची, त्याचं नाव लिहिलेली आहे का? विचारताना जीभ अडखळते, माहीत आहे. “ताई, मोजे बदललेत ना?” एवढं हसून विचारलं तरी पुरतं.

हा आजार बराच काळ काहीच दाखवत नाही. थकवा येतो, पण डायलिसिसचा माणूस थकलेलाच असतो. कुणाला शंका येणार? म्हणून सुरुवातीला आणि मग दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं.

आता तिथे काम करणाऱ्या मुलींचं. गटातल्या एकीची लेक डायलिसिस टेक्निशियन आहे. वापरलेल्या सुईला टोपण बसवताना तिला टोचलं, आणि नोकरी जाईल म्हणून ती गप्प राहिली. पोरींनो, असं करू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने लगेच धुवा, पिळू नका, वरिष्ठांना सांगा, तेव्हा आणि पुढे सांगतील तेव्हा रक्त तपासा. ‘सी’ला लस नाही. ‘बी’ला आहे, ती रुग्णांनी आणि कर्मचाऱ्यांनी दोघांनीही घ्यावी.

आणि ‘सी’ बरा होतो! पूर्वी त्याची इंजेक्शनं महिनोन्‌महिने चालायची. आता गोळ्या आहेत, बहुतेकांना 12 आठवडे, शंभरातले पंच्याण्णवहून जास्त बरे होतात. डायलिसिसवाल्यांनाही देता येतात, कोणत्या ते डॉक्टर ठरवतात. 28 जुलै 2018 पासून केंद्र सरकारच्या कावीळ नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. बरं झाल्यावरही पुन्हा लागण होऊ शकते, तेव्हा मोज्यांवरची नजर हटवायची नाही.

ताईंच्या मालकांच्या गोळ्या पूर्ण झाल्या. तीन महिन्यांनी तपासलं, रक्तात विषाणू नाही. गंमत म्हणजे साधी तपासणी पुढेही ‘पॉझिटिव्ह’च दाखवते, कारण शरीरात त्याची खूण राहते. नवीन ठिकाणी गेलं की लोक दचकतात. म्हणून तो दुसरा कागद ताईंनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गटाच्या पासबुकात ठेवलाय. मागच्या बैठकीला त्यांच्याकडेच चहा होता. त्या दोघींनी आधी कप उचलले.