गल्ल्याजवळचा हसरा भिक्षू



जामनेरच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान असो की मेडिकल, गल्ल्याजवळ लक्ष्मी-गणपतीच्या तसबिरीखाली ढेरपोटी हसरी मूर्ती हमखास दिसते. 'लाफिंग बुद्धा'. बहुधा कुणीतरी भेट दिलेली, कारण ती स्वतः विकत घेऊ नये असा समज आहे. सकाळची अगरबत्ती गणपतीला ओवाळली की तिच्यासमोरही फिरते.

हे गौतम बुद्ध नव्हेत, हे मात्र माहीत असायला हवं. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमध्ये खांद्यावर झोळी टाकून गावोगाव हिंडणारा एक भिक्षू होऊन गेला. झोळीवरूनच लोक त्याला पूताय म्हणत. तो गेल्यावर श्रद्धा रुजली की हा साक्षात मैत्रेय होता, म्हणजे पुढे जन्माला येणारा बुद्ध. चिनी घरांत तो भाग्याचं, भरल्या घराचं प्रतीक झाला.

आणि हा मैत्रेय तर आपल्या शेजारचा! पहूर, वाकोद, फर्दापूर मागे टाकलं की अजिंठा. तिथे 17 नंबरच्या लेण्याच्या दारावर ओळीनं सात बुद्ध रंगवले आहेत आणि आठवा मैत्रेय, अंगावर दागिने ल्यालेला. हे चित्र पाचव्या शतकातलं. पूतायच्या आधी चारशे वर्षांचं.

समृद्धीची मूर्तीच बघायची तर 2 नंबरच्या लेण्यात जा. मुख्य गाभाऱ्याच्या उजवीकडे छोट्या दालनात हारीती आणि पांचिक शेजारी शेजारी बसले आहेत. पांचिक कुबेराचा सेनापती. हारीती आधी दुसऱ्यांची लेकरं पळवून खाणारी यक्षिणी. बुद्धांनी तिचं धाकटं मूल लपवलं, तेव्हा तिला आईचं दुःख कळलं आणि ती लेकरांची राखणदार झाली. हीच हारीती पुढे भिक्षूंबरोबर चीन-जपानपर्यंत पोचली, तिथेही पुजली गेली. अजिंठ्यात तिच्या पायाशी शिल्पकारानं चक्क शाळा भरवली आहे: छडी घेतलेले गुरुजी, पुढे अभ्यास करणारी पोरं, मागे खोड्या काढणारी. धनधान्याच्या देवतेजवळ लेकरांची शाळा! समृद्धीची इतकी खरी कल्पना मला दुसऱ्या कुठल्या मूर्तीत दिसलेली नाही.

दुकानातली मूर्ती खुशाल ठेवा, ज्याची त्याची श्रद्धा. पण एकदा मुलांना घेऊन ही दोन्ही लेणी बघून या. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं ध्यानात असू द्या.