माग घेण्यापूर्वींचा हिशेब

पंचगंगेच्या तीरावरील इचलकरंजी येथें पहिला यंत्रमाग १९०४ सालीं सुरू झाला. जहागिरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे ह्यांचें उत्तेजन आणि विठ्ठलराव दातार ह्यांचें साहस ह्या दोहोंच्या योगानें तो माग उभा राहिला. पुढें सारें गांवच यंत्रमागांचें झालें, आणि लोक त्यास महाराष्ट्राचें मँचेस्टर असें म्हणूं लागले. ह्या भरभराटींतील एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. येथील उद्योग एखाद्या प्रचंड गिरणीच्या छपराखालीं वाढला नाहीं. तो गल्लोगल्लीं, थोडे माग बाळगणाऱ्या लहान कारखानदारांच्या हातून वाढला. त्यांतील पुष्कळसे खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचें सूत घेऊन मजुरीनें कापड विणून देणारे. म्हणून नवें यंत्र घेण्याचा प्रश्न येथें बहुधा संचालक-मंडळापुढें येत नाहीं. तो रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरच्या ओसरीवर निघतो, आणि पुष्कळदां तें घरच कर्जाला तारण ठेवावें लागतें.

धोट्याच्या साध्या मागाच्या शेजारीं आज बिनधोट्याचे माग उभे आहेत. साध्या मागांत कांडी भरलेला धोटा इकडून तिकडे धांवतो. रेपियर मागांत बाण्याचा धागा यांत्रिक हात पलीकडे नेतो, आणि एअरजेट मागांत दाबलेल्या हवेचा झोत तेंच काम करतो. साधा माग मिनिटास शेंसव्वाशें धागे टाकतो, तेथें हे नवे माग चारशें व त्याहूनहि अधिक टाकतात. तेव्हां सुधारणा हवी कीं नको, हा वाद आतां उरलेला नाहीं. कोणतें यंत्र घ्यावें, केव्हां घ्यावें, किती घ्यावीं आणि कोणाच्या पैशानें घ्यावीं, एवढाच विचार उरतो. आणि नेमका तोच घाईनें केला जातो. शेजाऱ्यानें घेतले, दलालानें सवलतीची मुदत सांगितली, सरकारी अनुदान जाहीर झालें, अशीं कारणें पुढें येतात. ह्यांतील एकहि कारण हिशेबाच्या वहींत मांडतां येण्यासारखें नाहीं.

हिशेब मांडला म्हणजे काय दिसतें, हें एका कल्पित उदाहरणावरून पाहण्यासारखें आहे. एका कारखानदारानें चाळीस लाख रुपये कर्ज काढून चार वापरलेले रेपियर माग बसविले, असें समजावें. दरसाल दरशेंकडा १० व्याजानें तें कर्ज पांच वर्षांत फेडावयाचें, तर महिन्याचा हप्ता सुमारें ८५,००० रुपये पडतो. माग मिनिटास ४०० धागे टाकतो, कापड इंचास ६० धाग्यांचें आहे, मजुरी मीटरला ९ रुपये मिळते, आणि काम महिन्यांतून २५ दिवस अहोरात्र चालतें, असें धरावें. दर शंभर मिनिटांपैकीं ८५ मिनिटें माग प्रत्यक्ष चालला, तर एका मागावर दिवसास २०७ मीटर कापड उतरतें आणि चार मागांची महिन्याची मजुरी सुमारें १,८६,००० रुपये होते. हप्ता वजा जातां लाखभर रुपये हातीं राहतात. वीज, पगार आणि सुटे भाग ह्यांचा खर्च त्यांतून भागवावयाचा. परंतु तोच माग शंभरांपैकीं ६० मिनिटेंच चालला, तर कापड १४६ मीटरांवर आणि मजुरी १,३१,००० रुपयांवर येते. हप्त्यानंतर उरतात ते ४६,००० रुपये. माग तोच, त्याचा वेग तोच आणि हप्ताहि तोच. गेलीं तीं केवळ पंचवीस मिनिटें.

हीं पंचवीस मिनिटें कोठें जातात, हें यंत्राच्या माहितीपत्रकांत लिहिलेलें नसतें. सूत कच्चें असेल, सायझिंगमध्यें खळ नीट बसली नसेल किंवा बीम वांकडें भरलें असेल, तर ताण्याचा धागा वारंवार तुटतो. साध्या मागाच्या सावकाश चालीवर जें सूत खपून जातें, तें वेगवान मागावर टिकतेंच असें नाहीं. कधीं बीम संपतें आणि वहिफणी करणारा माणूस दुसऱ्याकडे अडकलेला असतो. कधीं जॉबरची वाट पाहावी लागते. कधीं वीजच जाते. म्हणून नवा माग घेण्याची इच्छा झाली, कीं प्रथम एक वही घ्यावी. चालू असलेल्या प्रत्येक मागापाशीं ती महिनाभर टांगून ठेवावी. माग थांबला कीं किती वाजतां, किती वेळ आणि कशामुळें, एवढें तींत टिपावें. महिन्याअखेर बेरीज केली म्हणजे कारखान्याची खरी अडलेली जागा सांपडते. ती जागा मागांतच निघाली, तर नवा माग अवश्य घ्यावा. ती सुतांत, सायझिंगमध्यें किंवा विजेच्या जुन्या तारांत निघाली, तर पहिला रुपया तेथें खर्चावा. आधींची अडचण तशीच ठेवून वेगवान माग आणला, तर तोहि त्याच अडचणीपाशीं उभा राहतो.

दुसरी गोष्ट यंत्राच्या पुऱ्या किंमतीची. पावतीवरील आंकडा हा तिचा एक भाग होय. एअरजेटला हवा दाबणारा कॉम्प्रेसर लागतो, आणि तो पुष्कळ वीज खातो. जड व वेगवान मागास भक्कम पाया हवा. वापरलेल्या परदेशी मागाची विजेची पाटी बिघडली आणि ती बाजारांत मिळेनाशी झाली, तर माग चांगला असूनहि बंद पडतो. हप्ता मात्र बंद पडत नाहीं. कामाचा जिन्नसहि पाहिला पाहिजे. वॉटरजेट मागांत धागा पाण्याच्या झोतानें नेला जातो, म्हणून तो पाणी न शोषणाऱ्या कृत्रिम धाग्यासाठीं आहे. ज्याचें काम सुती कापडाचें, त्यानें तो स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. शेवटीं माणसें. ज्या विणकरानें जन्मभर धोट्याचा माग चालविला, त्यास नव्या मागाची विद्या शिकण्यास वेळ व पगार दोन्ही द्यावे लागतात. हा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबांत धरावा.

तिसरी गोष्ट पैशाच्या वेळेची. केंद्र सरकारची वस्त्रोद्योगाची तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना १ एप्रिल १९९९ रोजीं सुरू झाली, आणि तिच्या सुधारलेल्या स्वरूपाची मुदत ३१ मार्च २०२२ रोजीं संपली. त्या स्वरूपांत यंत्र बसवून त्याची प्रत्यक्ष तपासणी झाल्यावर अनुदान देण्याची पद्धत होती. म्हणजे हप्ता आधीं आणि अनुदान मागाहून. जो धंदा अनुदानाविना उभा राहत नाहीं, तो अनुदानाच्या आशेवर उभारूं नये. येणीं वसूल होण्याचीहि अशीच गोष्ट आहे. २००६ च्या कायद्यान्वयें सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे खरेदीदारानें फार तर ४५ दिवसांत दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज द्यावें लागतें. हा हक्क जाणून घ्यावा. तथापि ज्या व्यापाऱ्याकडून पुढचें बीम यावयाचें, त्याच्याशीं भांडण्यास खर्चीवाला कचरतो, हेंहि खरें आहे. म्हणून तीन महिन्यांचे हप्ते आणि पगार भागतील एवढी रक्कम बाजूला ठेवल्याखेरीज कर्जाच्या कागदावर सही करूं नये. तारणाविना कर्ज मिळावें म्हणून सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीं २००० सालीं पतहमी न्यास स्थापन झाला आहे. घर तारण ठेवण्यापूर्वीं बँकेंत त्याची चौकशी करावी. मात्र ती हमी बँकेला आहे. त्यामुळें कर्जदाराचें ऋण फिटत नाहीं.

कारखान्याच्या कचेरींतील संगणकासहि हाच नियम लागू आहे. माग झिजतांना दिसतो. संगणक न झिजतांहि निकामी होतो. विंडोज १० ह्या प्रणालीची नेहमींची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली, आणि कित्येक चांगल्या चालणाऱ्या संगणकांच्या मालकांना एकाएकीं नव्या खर्चाचा विचार करावा लागला. हिशेबाच्या प्रणाली दरसाल वर्गणी मागतात. तेव्हां संगणक घेतांनाच तो कोणत्या सालीं बदलावा लागेल, तें लिहून ठेवावें, आणि हिशेबाची एक प्रत दररोज निराळ्या जागीं उतरवून ठेवावी.

ह्या सर्वांवरून लहान कारखानदाराचा क्रम ठरतो. प्रथम वहीवरून अडलेली जागा शोधावी. नंतर जेथें तसलाच माग चालू आहे, तेथें आपल्या सुताचें एक बीम विणवून पाहावें. मग चारांच्या ठिकाणीं एक किंवा दोनच माग घ्यावे, आणि त्यांची शंभरांतील चालू मिनिटें ठरलेल्या आंकड्यास पोंचलीं म्हणजे पुढचे घ्यावे. कोणता आंकडा न गांठल्यास थांबावयाचें, हें आधींच कागदावर लिहून घरांतील सर्वांस दाखवावें. कारण तोटा आला तर तो सर्वांच्या ताटांतून जातो. ह्या चालीनें कदाचित् वर्ष-दोन वर्षें उशीर होईल. परंतु अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्याचें छप्पर शाबूत राहतें, त्याच्या कामगारांची रोजी चालू राहते, आणि पुढचा माग घेण्याची ऐपत त्याच्या अंगीं उरते.