पथक चालवायचे कोणी?

बालवीर पथके बंद का पडतात, असा प्रश्न कोणत्याही तालुक्याच्या गावी विचारला, तर बहुधा एकच उत्तर ऐकायला मिळते: ‘सरांची बदली झाली.’ दहा-बारा वर्षे एखादा शिक्षक जिवाचे रान करतो. गणवेशाचे कापड स्वस्तात कोठे मिळेल येथपासून शिबिरातल्या आमटीत मीठ किती पडले येथपर्यंत सारे तोच पाहतो. मग एक दिवस बदलीचा आदेश येतो. सहा महिन्यांत रविवारची हजेरी निम्म्यावर येते, पुढच्या जूनमध्ये नवी मुले घेतलीच जात नाहीत आणि तंबू माळ्यावर पडून राहतात. गाव हळहळते, सरांचा सत्कार होतो. सत्कार योग्यच आहे. परंतु एका माणसाच्या जाण्याने जे संपले, ते पथक म्हणून कधी उभेच राहिले नव्हते, हे त्या समारंभात कोणी बोलत नाही. आज येथे जमलेल्या पालकांपुढे आणि स्वयंसेवकांपुढे विचारार्थ ठेवायचा मुद्दा हाच आहे, की पथकाचे काम वाटायचे कसे.

गंमत अशी, की ही चळवळ ज्याने सुरू केली त्याने एकट्या माणसावर भार पडू नये अशीच तिची रचना केली होती. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी पहिले प्रायोगिक शिबिर घेतले. मुले जेमतेम वीस-बावीस. काही नामांकित निवासी शाळांतली, तर काही पूल आणि बोर्नमथ येथील सामान्य कष्टकरी घरांतली. सेनापती म्हणून कीर्ती मिळवलेल्या त्या गृहस्थाला एवढी मुले एका रांगेत उभी करून हुकूम देणे अवघड नव्हते. त्याने तसे केले नाही. लांडगा, बैल, डोमकावळा आणि कुरल पक्षी अशी नावे देऊन मुलांचे चार गट पाडले, प्रत्येक गटावर एक मोठा मुलगा नायक नेमला आणि गटाची जबाबदारी त्या मुलावर टाकली. प्रत्येक दिवसाला एक विषय होता: छावणीची कामे, निरीक्षण, जीवरक्षण इत्यादी. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे त्याचे पुस्तक पाक्षिक भागांतून प्रसिद्ध झाले आणि ते वाचून मुलांनी आपणहून गट बांधले. मोठी माणसे नंतर आली.

भारतात ही चळवळ १९०९ साली बंगळूरला आली ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना तिचे दार बंद होते. ते दार सरकारने उघडले नाही, ते ठिकठिकाणच्या स्वयंसेवी माणसांनी उघडले. १९१३ मध्ये मध्य प्रांतात व्हिव्हियन बोस यांनी भारतीय मुलांसाठी काम सुरू केले. हेच बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. शहाजहानपूरला पंडित श्रीराम बाजपेयी उभे राहिले, मद्रासला ॲनी बेझंट. प्रयागला १९१८ मध्ये महामना मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांनी सेवा समिती बालवीर संघटना स्थापन केली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात येऊन गेले, त्यानंतर बेझंटबाईंची संस्था मूळ संस्थेत विलीन झाली. मालवीयजींची सेवा समिती मात्र वेगळी राहिली. स्काउटिंग हे परके रोप आहे, असे म्हणून नाक मुरडणारे आजही भेटतात. मालवीयजींनी पद्धत घेतली आणि तिच्यात आशय आपला भरला, एवढेच त्यांना सांगावे. पुढे ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या संस्था एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था झाली आणि ऑगस्ट १९५१ मध्ये मुलींची गाइड संघटनाही तिच्यात सामील झाली.

आता आपल्या गावातील पथकाकडे येऊ. सहा ते आठ मुलांचा एक गट आणि त्यांच्यातलाच एक गटनायक, हा या पद्धतीचा कणा आहे. गटनायक हा शब्द या नियतकालिकाच्या वाचकांना नवा नाही. अडचण शब्दाची नसून विश्वासाची आहे. बहुतेक पथकांत गटनायक नावापुरता असतो. तो शिट्टी वाजली की रांग लावतो आणि संख्या सांगतो. सहल कोठे न्यायची, जेवणात काय करायचे, वर्गणी किती, हे मोठी माणसे ठरवतात. वास्तविक गटनायकांची सभा, जिला ‘कोर्ट ऑफ ऑनर’ म्हणतात, तिने हे ठरवायचे असते. स्काउट मास्तरने तेथे बसावे, ऐकावे आणि जिवाला धोका असेल किंवा पैशाचा मेळ बसत नसेल तेव्हाच बोलावे. तेरा वर्षांच्या मुलाने आठ जणांच्या खिचडीचा हिशेब चुकवला तर एक रात्र अर्धपोटी जाईल. पुढच्या वेळी तो तांदूळ मोजून घेईल. आईवडिलांना हे पाहवत नाही, हे समजण्यासारखे आहे. म्हणूनच पहिल्या शिबिराच्या रात्री डबे घेऊन येणाऱ्या पालकांना वेशीवरच नम्रपणे परत पाठवणारा एक खंबीर माणूस पथकाकडे असावा.

मग मोठ्यांनी करायचे काय? भरपूर आहे, परंतु ते मागण्याची रीत चुकते. पालकसभेत ‘कोणीतरी मदतीला या’ असे आवाहन केले की सभागृह खाली पाहू लागते. ‘कोणीतरी’ या शब्दाला घरचा पत्ता नसतो. तेच एखाद्या पालकाला बाजूला घेऊन, ‘अकरा तारखेला सकाळी साडेपाच ते सात एस.टी. स्थानकावर उभे राहून यादीप्रमाणे मुले मोजून गाडीत बसवायची, एवढे आपण कराल का?’ असे विचारले, तर नकार क्वचितच येतो. काम लहान हवे, त्याला सुरुवात आणि शेवट हवा, आणि ते त्या माणसाला येणारे हवे. बँकेत नोकरी करणाऱ्या गृहस्थांना हिशेब द्यावा, त्यांना तंबू ठोकायला बोलावू नये. परिचारिका असलेल्या मातेने प्रथमोपचाराचे दोन वर्ग घ्यावेत. महाविद्यालयात जाणारे जुने बालवीर, जे रोव्हर होऊ शकतात, ते तर हाताशी असलेले मनुष्यबळ. पण दहावीनंतर त्यांना कोणी बोलावतच नाही. शाळेतील शिक्षकांवर निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणांच्या कामांचा बोजा काय असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी मूलभूत प्रशिक्षण घेऊन पथकाचे शिक्षण पाहावे; गाड्या, पत्रव्यवहार आणि पैसा इतरांनी वाहावा. ‘खरी कमाई’ सप्ताहात मुलांनी श्रम करून आणलेला पैसा तर दोघांच्या सहीनेच खर्च व्हावा आणि त्याचा तपशील फलकावर लागावा. मुले हिशेब पाहत असतात.

नियोजनाची बैठक जूनमध्ये, शाळा सुरू होताच घ्यावी. समोर शाळेचे परीक्षांचे वेळापत्रक आणि घरातले कालनिर्णय ठेवावे. गणेशोत्सव, नवरात्र, सहामाही परीक्षा आणि दहावीची सराव परीक्षा वगळली की वर्षात मोकळे रविवार किती कमी उरतात, हे पाहून पहिल्यांदा सारेच चकित होतात. मोठे शिबिर दिवाळीनंतर किंवा डिसेंबरअखेरीस बसते. पावसाळी भटकंतीचा मोह मात्र आवरावा. सह्याद्रीतील धबधबा दुपारी दोन वाजता घोट्याएवढा आणि अडीच वाजता कमरेएवढा असू शकतो. पाण्याच्या बाबतीत या चळवळीने फार पूर्वी मोठी किंमत मोजली आहे. ऑगस्ट १९१२ मध्ये लंडनच्या वॉलवर्थ भागातील पथक होडीने शेपी बेटावरील लेसडाउन येथे शिबिरासाठी जात असता वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि नऊ मुले बुडाली. सोबत अनुभवी मोठी माणसे होती.

म्हणून शिबिराच्या जागेची पूर्वपाहणी दोघांनी जाऊन करावी. पिण्याचे पाणी, जवळचे ग्रामीण रुग्णालय आणि तेथवरचा रस्ता पाहावा. वनखात्याची परवानगी लागते का, हे विचारावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे खरी, पण ज्या पठारावर मोबाइलला रेंज नाही तेथून १०८ लागणार कसा? रेंज कोठे मिळते ती जागा शोधून ठेवणे आणि पथकासोबत एक वाहन थांबवून ठेवणे, हे त्याचे उत्तर आहे. प्रत्येक मुलाच्या संमतिपत्रावर आजार, ॲलर्जी आणि चालू औषधे यांची नोंद असावी, आणि ती पत्रे शिबिरात असावीत. पुष्कळदा ती शाळेच्या कपाटातच राहतात.

सेवेच्या कामाचेही तसेच. समजा, पालखीच्या मुक्कामाच्या गावी चोवीस मुलांचे पथक सकाळी सहा ते बारा सेवेला उभे करायचे आहे. आठ-आठांचे तीन गट, प्रत्येकाला दोन तासांची पाळी. एका वेळी दोन ठिकाणी चार-चार मुले, तीही जोडीने; प्रत्येक ठिकाणी दोन प्रौढ. उरलेली मुले शाळेच्या पडवीत विश्रांतीला आणि तेथे वही घेऊन बसलेला आणखी एक प्रौढ. म्हणजे सकाळभरासाठी एका वेळी पाच माणसे लागली. ती पाच नसतील तर मुलांची संख्या कमी करावी. माणसे कमी करून मुले तेवढीच ठेवू नयेत. पाणी देणे, रस्ता दाखवणे, चुकलेल्या वारकऱ्याचे नाव, गाव आणि दिंडी क्रमांक लिहून घेणे ही मुलांची कामे. गर्दी रोखणे हे मुलांचे काम नव्हे. २००३ च्या नाशिक सिंहस्थात झालेल्या चेंगराचेंगरीत तिसाहून अधिक भाविक प्राणास मुकले. अशा ठिकाणी बारा वर्षांच्या मुलाच्या हाती दोरी देऊन त्याला उभे करण्याची मागणी कोणी अधिकाऱ्याने केली, तरी पथकाने हात जोडून नाही म्हणावे.

राहिला एक विषय, जो आपल्याकडे बैठकीत काढला की वातावरण अवघडते. अमेरिकेच्या बालवीर संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. कारण पैशाची उधळपट्टी नव्हते. अनेक दशकांत प्रौढ स्वयंसेवकांकडून मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांचे ऐंशी हजारांहून अधिक दावे पुढे आले आणि भरपाईची रक्कम सुमारे अडीच अब्ज डॉलर ठरली. एवढी जुनी, एवढी प्रतिष्ठित संघटना! ‘ते तिकडचे, आपल्याकडे असे होत नाही’ हे म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही. तसे असते तर २०१२ साली पॉक्सो कायदा करावाच लागला नसता. त्या कायद्यान्वये असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘संस्थेचे नाव जाईल’ ही सबब चालत नाही. पथकापुरते नियम साधे आहेत. कोणत्याही प्रौढाने मुलाबरोबर एकट्याने बंद जागी थांबायचे नाही. कार्यक्रमाला किमान दोन प्रौढ असल्याखेरीज तो होणार नाही. मुले आणि मोठी माणसे एका तंबूत झोपणार नाहीत. मुलींच्या पथकाबरोबर स्त्री कार्यकर्ती हवीच. नवा स्वयंसेवक कोण, पूर्वी कोठे काम करत होता, तेथून का निघाला, हे तेथे फोन करून विचारावे. १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक मुलांना पाठ असावा.

येथे सर्वांत मोठी अडचण येते ती ‘आपलाच माणूस आहे’ या वाक्याची. घरोब्यातला, वीस वर्षांचा ओळखीचा, त्याला काय नियम दाखवायचे? परंतु नियम सर्वांना सारखा असला की कोणाचाच अपमान होत नाही. स्काउट मास्तरने स्वतः तो पाळला, तर त्याच्याहून धाकटा कोणी कुरकुर करत नाही. शिवाय हाच नियम चांगल्या माणसाचेही रक्षण करतो, कारण खोट्या संशयाच्या वेळी त्याच्या बाजूने बोलणारा दुसरा माणूस तेथे हजर असतो.

बदलीच्या आदेशाची तयारी पथक सुरू होते त्या दिवसापासून करावी लागते. प्रत्येक कामाला मुख्य आणि साहाय्यक असे दोन जण नेमावेत आणि दर तीन वर्षांनी साहाय्यकाने मुख्य व्हावे. गटनायकाचे तसेच; दहावीत जाणाऱ्या मुलाने वर्षभर आधी उपनायकाला हाताशी धरावे, शेवटची दोन शिबिरे त्यालाच चालवू द्यावीत आणि आपण पाणी भरावे. पथकाची एक जाड वही असावी. तिच्यात शिबिराच्या जागा, तेथील पोलीस पाटलांचे दूरध्वनी, तांदूळ-डाळीचे माप, कोणती गाडी वेळेवर आली आणि कोणती आली नाही, हे सारे लिहिलेले असावे. आणि ती गटनायकांच्या अक्षरात असावी. अक्षर वाईट असले तरी चालेल. नवे सर येतील तेव्हा त्यांना ती वही मुलांनीच वाचून दाखवावी.