समकेंद्रितता : काडतुसातील दोषाचा शोध



खानदेशातून वाहत येणारी तापी सुरतेपलीकडे हजीरा येथे सागरास मिळते. तिच्या खोऱ्यात, भुसावळजवळील वरणगावी, बंदुकीची काडतुसे तयार होतात. तर तिच्या मुखाशी हजीरा येथे लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात 'के-९ वज्र' ही स्वयंचालित तोफ घडविली जाते. २०१७ साली भारतीय लष्कराने अशा १०० तोफांची मागणी नोंदविली. २०१८ साली देवळाली येथे ही तोफ लष्करात दाखल झाली व २०२१ साली शंभरावी तोफ सुपूर्द झाली. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा तोफांचा करार झाला.

या तोफेच्या नळीचा व्यास १५५ मिलिमीटर असून लांबी व्यासाच्या ५२ पट, म्हणजे सुमारे ८ मीटर आहे. तोफेचा गोळा असो वा बंदुकीची गोळी, दोहोंस एकच नियम लागू आहे : त्यांचा अक्ष नळीच्या अक्षाशी जुळला पाहिजे. यासच समकेंद्रितता म्हणतात. आस वाकलेल्या गाडीचे चाक कसे डुगडुगते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. बंदुकीची गोळी तर सेकंदास दोन हजारांहून अधिक फेरे घेते. तिरकी बसलेली गोळी लक्ष्यापासून ढळते.

काही देशांत नेमबाज वापरलेल्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. तथापि, दोष शोधण्याची त्यांची रीत प्रत्येक कर्मशाळेस अनुकरणीय आहे.

काडतूस दोन खाचांच्या आधारावर ठेवून सावकाश फिरवावे व डायल गेजचे टोक गोळीवर टेकवावे. काटा जितका हलतो, त्याच्या निम्म्याइतका गोळीचा मध्य बाजूला सरकलेला असतो. मात्र तयार काडतूस एकदाच मोजल्याने दोषाचा उगम कळत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर मोजमाप घेणे अगत्याचे आहे.

प्रथम झाडलेली पुंगळी मोजावी. बंदुकीच्या कक्षात फुगल्याने तिची मान बाहेरून बहुधा सरळ असते. परंतु मानेचा पत्रा एका बाजूस जाड असल्यास आतील छिद्र मध्यापासून सरकलेले असते. यासाठी पत्र्याची जाडी निराळी मोजावी. पुंगळी साच्यातून मूळ मापास आणल्यावर काटा अधिक हलू लागला, तर साचा, अथवा मान रुंदावणारा गोलक ओढून घेण्याची क्रिया, दोषी समजावी. येथवर सर्व ठीक असून गोळी बसविल्यावरच फरक पडला, तर गोळी सुरुवातीस तिरकी शिरली का, पुंगळीच्या तोंडाशी कंगोरा राहिला का, दाबणारा दांडा गोळीच्या टोकाशी जुळतो का, हे पाहावे. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केल्यास गुण कशाचा, हे कळत नाही.

शेवटच्या टप्प्यावर दोष दिसतो, म्हणून शेवटच्या कारागिरास दोषी ठरविणे हा अन्याय होय. पहिल्या हातून झालेली चूक शेवटच्या हाती दिसते, इतकेच. शिक्षकाने विद्यार्थ्यास व अधिकाऱ्याने कामगारास बोल लावण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचे माप मागावे. असे माप ज्या कर्मशाळेत नित्य ठेवले जाते, तेथे दोष वेळीच सापडतो आणि निर्दोष हातावर ठपका येत नाही.