दोन नादांची भेट

दोन ध्वनी एकत्र आले की आवाज वाढलाच पाहिजे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु ध्वनीचा स्वभाव याहून पुष्कळ गहन आहे, आणि एका नादात दुसरा नाद मिळवून काही ठिकाणी जवळजवळ शांतता निर्माण करता येते, ही गोष्ट आज मला आपल्यापुढे मांडावयाची आहे.

दारव्हा-दिग्रसकडील काळ्या रानात ज्वारी निसवली म्हणजे वाऱ्याची लहर एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत धावत जाते, पण एकही ताट आपली जागा सोडत नाही. हवेतून ध्वनी जातो तो असाच. फरक इतकाच, की हवेचे कण ध्वनीच्या वाटेवरच पुढेमागे हलतात, कोठे दाटतात, कोठे विरळ होतात, आणि ही दाटी व विरळी आश्विनातील साधारण हवेत सेकंदास सुमारे 345 मीटर वेगाने सरकत राहते. आमच्याकडे वैशाखात पारा 45 अंशांवर गेला, की हाच वेग 357 च्या घरात जातो. एका दाटीपासून पुढच्या दाटीपर्यंतचे अंतर ती तरंगलांबी. सेकंदास 345 कंपने असलेल्या स्वराची ती आश्विनात एक मीटर भरते.

आता एकाच ठिकाणी दोन तरंग पोहोचले, तर हवा दोघांचाही हुकूम एकदम मानते. दाटीवर दाटी आली तर ती दुणावते, दाटीवर विरळी आली तर दोन्ही परस्परांस फेडून टाकतात. आणि तरीही तेथून पुढे निघताना प्रत्येक तरंग जसाच्या तसा आपल्या मार्गाने जातो. निसर्गातील सौजन्याचे याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही. तरंगांच्या अशा मिळण्यास व्यतिकरण म्हणतात; त्याचाच न्याय टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 1801 मध्ये प्रकाशास लावला.

मिरजेच्या तंबोऱ्याची जोड लावणाऱ्यास हे व्यतिकरण रोज भेटते. एक तार 138 व दुसरी 140 कंपनांवर असली, तर त्या कधी एकमेकींस साथ देतात, कधी विरोध करतात, आणि सेकंदात दोन वेळा आवाज फुगतो व ओसरतो. खुंटी किंचित पिळून मणी केसभर सरकविला, की ते आंदोलन संथ होत जाते, आणि ते मावळले म्हणजे जोड मिळाली असे वादक समजतो.

यवतमाळचा दुर्गोत्सव मोठा. मंडपापुढे एकाच यंत्रावरून दोन कर्णे दूरदूर बांधलेले असले आणि पेटीचा एखादा स्वर धरून ठेवलेला असला, तर समोरून आडवे चालत जाणाऱ्यास आवाज चढताना, पडताना व पुन्हा चढताना ऐकू येतो; कारण जेथे एक कर्णा दुसऱ्यापेक्षा अर्धा मीटर अधिक दूर पडतो, तेथे 345 कंपनांचा स्वर क्षीण होतो. शक्ती हरवत मात्र नाही. जेथे दाटीवर दाटी पडते तेथे तीव्रता एका कर्ण्याच्या चौपट होऊन जमाखर्च मिळतो. गाण्यात व भाषणात नाना कंपने असतात, प्रत्येकाची क्षीण जागा निराळी पडते, आणि म्हणून एरवी हा चमत्कार आपल्या ध्यानात येत नाही.

परंतु एका कर्ण्याच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या, तर एक कर्णा हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा ती मागे ओढतो, आणि दोहोंपासून समान अंतरावरील मधल्या रांगेत, म्हणजे देवीच्या अगदी समोर, सगळेच स्वर एकदम दबतात. अशा वेळी यंत्राचा आवाज वाढवीत नेऊन आसपासच्या घरांतील आजाऱ्यांस व अभ्यास करणाऱ्या मुलांस उपद्रव देण्यापेक्षा, मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आरतीपूर्वी मधोमध उभे राहून एकदा कान द्यावा, आणि आवाज पोकळ वाटला तर एकाच कर्ण्याच्या तारांची अदलाबदल करावी. दोन्हींची करू नये, कारण तशाने दोष होता तेथेच राहतो.