व्यसनमुक्ताचा संसार

दारूपायीं धुळीस मिळालेल्या संसाराची कथा महाराष्ट्राला नवी नाहीं. राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ हें नाटक १९१९ सालीं रंगभूमीवर आलें आणि सुधाकर व सिंधू हीं नांवें घरोघर माहीत झालीं. सुधाकराचा अधःपात सर्वांच्या स्मरणांत आहे. परंतु मध्यंतरीं तो दारू सोडण्याचा निश्चय करितो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत राहात नाहीं. तो कामाच्या शोधार्थ प्रतिष्ठितांच्या दारीं जातो, तेथें त्याच्या वांट्यास अवहेलना येते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. गडकऱ्यांनीं येथें एक मोठें सत्य दाखविलें आहे. दारू सोडणें हा केवळ पूर्वार्ध होय; सोडल्यानंतर घरांत, कचेरींत आणि स्वतःच्या मनांत पुन्हा वस्ती करणें हा उत्तरार्ध, आणि तोच अधिक बिकट असतो.

सुधाकराच्या काळीं व्यसन म्हणजे केवळ दुराचार असें समजलें जाई. पुढें ही दृष्टि पालटली. भारतांत २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें मद्य व अमली पदार्थ यांच्या सेवनाशीं निगडित मनोविकारांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येंत केला. आजार म्हटल्यानें माणसाची जबाबदारी संपते असें मात्र नाहीं. मधुमेह झालेल्यास कोणी अपराधी म्हणत नाहीं, तरी पथ्य त्याचें त्यालाच पाळावें लागतें. व्यसनाचेंही तसेंच आहे.

प्रथम शरीराचा विचार. वर्षानुवर्षें नित्य पिणाऱ्यानें केवळ निश्चयाच्या बळावर, घरच्या घरीं, एकाएकीं दारू तोडणें धोक्याचें असतें. कांहीं तासांतच हातांना कंप सुटतो व घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फेफरें येऊं शकतें. आणि पुढें तिसऱ्या दिवसाच्या सुमारास कांहींना भ्रम होऊन नाहीं तें दिसूं लागतें. ही अवस्था प्राणावरही बेतते. म्हणून हा काळ डॉक्टरांच्या देखरेखीखालींच काढावा.

परंतु औषधानें शरीर शांत झालें तरी माणूस बरा झाला असें होत नाहीं. १९३५ सालीं अमेरिकेंतील अॅक्रन गांवीं एक शेअर-दलाल आणि एक शस्त्रवैद्य, दोघेही मद्यासक्त, एकमेकांना भेटले आणि परस्परांच्या आधारानें दारूपासून दूर राहूं लागले. त्यांतून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. जन्मभराची शपथ वाहण्याऐवजीं केवळ आजचा दिवस न पितां काढावा, हें तिचें सूत्र. पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें ‘मुक्तांगण’ हें केंद्र सुरू केलें. व्यसनांतून बाहेर पडलेला माणूसच तेथें दुसऱ्याचा हात धरतो. ज्यानें ती वाट तुडविली आहे त्याच्यापुढें खोटें बोलण्याचें कारण उरत नाहीं, हें या पद्धतीचें मर्म आहे.

आतां उपचार घेऊन घरीं परतलेला एखादा गृहस्थ डोळ्यांपुढें आणावा. पहिले कांहीं दिवस गोडीनें जातात. मग एका संध्याकाळीं लोकल रखडते आणि त्याला घरीं यावयास तासभर उशीर होतो. दार उघडतांना पत्नी नकळत त्याच्या श्वासाचा वास घेते. त्याला तें लागतें. ‘इतकें करूनही विश्वास नाहींच ना!’ असें तो चिडून म्हणतो. त्याच्या दृष्टीनें चाळीस दिवस झालेले असतात. तिच्या दृष्टीनें मागचीं बारा वर्षें अद्याप संपलेलीं नसतात. दोघांचेंही खरें असतें. विश्वास हा मागून मिळत नाहीं. तो थोडा थोडा करून फेडावयाच्या कर्जासारखा असतो. उशीर होणार असल्यास आधीं कळविणें, पगाराचा हिशेब दोघांनीं मिळून मांडणें, मुलांना दिलेला लहानसा शब्दही पाळणें, हे त्याचे हप्ते होत.

घरच्यांनींही एक मोह टाळावा. दारूचा तिटकारा यावा म्हणून जेवणांत गुपचूप औषध मिसळण्याचे सल्ले अनेकजण देतात. १९४८ च्या सुमारास डेन्मार्कमधील संशोधकांनीं उपयोगांत आणलेलें डायसल्फिराम हें अशा प्रकारचें औषध आहे. तें घेतल्यावर दारू पोटांत गेली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. प्रसंगीं जीवही जातो. म्हणून तें रोग्याच्या पूर्ण संमतीनें आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच द्यावें. फसवणुकीनें सुटका होत नाहीं.

कचेरीचा प्रश्न निराळा. वाया गेलेलीं वर्षें भरून काढण्यासाठीं कांहीजण कामावर तुटून पडतात, रात्रीं जागतात, जेवण टाळतात. हा उत्साह घातक आहे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा हे चार चोर व्यसनास मागील दारानें घरांत घेतात. पगाराचा दिवस, बढतीची मेजवानी, जुन्या सोबत्याचा आग्रह, यांची तजवीज आधींच करावी: त्या दिवशीं कोणाबरोबर परतावयाचें, नकार कोणत्या शब्दांत द्यावयाचा, हें ठरलेलें असावें. वरिष्ठांनीं सुधाकराच्या परिचितांसारखें वागूं नये. कामांत सवलत न देतांही माणसाला मान देतां येतो.

सर्वांत दुर्लक्षित राहतें तें मन. दारू सुटल्यावर कित्येक महिने झोप नीट लागत नाहीं, चिडचिड होते, सारें जग फिकें वाटतें. पुष्कळांची ही उदासीनता कांहीं आठवड्यांत ओसरते. परंतु महिना उलटूनही ती टिकली तर तो स्वतंत्र विकार असूं शकतो, आणि त्यावर मनोविकारतज्ज्ञाकडून उपचार व्हावयास हवेत. जीव नकोसा होणें ही तर तांतडीची सूचना. केंद्र सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अशा वेळीं विनामूल्य बोलतां येतें.

एवढें करूनही एखादे वेळीं पाय घसरतो. तेव्हां सारें संपलें असें मानून बाटली रिकामी करावयाची, कीं त्याच रात्रीं कोणास तरी खरें सांगून दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांकडे जावयाचें, यांत जन्माचें अंतर आहे. आणि सिंधूचें काय? तिनें मूकपणें जळत राहावें, ही अपेक्षा आतां तरी सोडावी. मुक्तांगणांत व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठीं ‘सहचरी’ हा गट चालतो. मार सोसणें हा पत्नीधर्म नव्हे. स्वतःचें व मुलांचें रक्षण हें तिचें पहिलें कर्तव्य आहे.

गडकऱ्यांचा सुधाकर ज्या दारांवरून परत फिरला, तशीं दारें आजही प्रत्येक गांवांत आहेत. दारू सोडून आलेला माणूस त्यांपैकीं एखाद्यावर थाप मारतो, तेव्हां तें उघडणें किंवा न उघडणें हें आंतील माणसांच्या हातीं असतें.